अस्वल झोपलं होतं तिथे

मस्कतमध्ये थंडी आली की आधी कानाला कळतं. एप्रिलपासून अखंड घरघरणारे एसी नोव्हेंबर सरता सरता एका संध्याकाळी कुणीतरी बंद करतं. मग शेजारचं कुणी, मग खालचं कुणी, आणि हमरियातल्या आमच्या जुन्या इमारतीत एकदम माणसांचे आवाज ऐकू यायला लागतात. उघड्या खिडकीतून लसणीच्या फोडणीचा वास येतो, केरळी शेजारणीच्या कुकरची शिट्टी येते, तीन मशिदींच्या अजाना एकीमागून एक धावत येतात. खालच्या गल्लीत चहावाल्यापुढे लोक काम नसताना उभे राहतात. पारा विसावर उतरला की माझा नवरा इक्बाल त्याच्या कापडाच्या दुकानाबाहेर स्वेटर टांगतो, आणि ते विकलेही जातात.

त्या स्वेटरांकडे बघून मला हसू येतं. थंडी म्हटलं की माझ्या अंगाला एक वेगळाच फेब्रुवारी आठवतो. नाकातले केस ताठ करणारा, पापण्यांवर पांढरं धरणारा. त्या वर्षी मी माझ्या वडिलांना घेऊन नॉर्वेच्या पार उत्तरेला गेले होते.

आम्ही मूळचे रत्नागिरीकडचे, खाडीकाठचे कोकणी मुसलमान. आमच्या गावात घरटी एक माणूस आखातात आणि त्याच्या आधीच्या पिढीतला एक बोटीवर. अब्बा बोटीवरचे. उमेदीची सगळी वर्षं मालवाहू जहाजांवर खलाशी म्हणून गेली. अम्मी गेल्यावर मी त्यांना मस्कतला आणलं. रुवीतल्या एका विमा कंपनीत माझी नोकरी, इक्बालचं दुकान, आमची सना शाळेत. अब्बा दिवसभर खाली गल्लीत. भाषा येवो न येवो, अब्बांचं कुणापाशी अडत नसे. ओमानी म्हाताऱ्याशी अरबीत, बांगलादेशी न्हाव्याशी हिंदीत, आणि सनाशी तिच्या शाळेतल्या इंग्रजीला पुरून उरेल अशा बोटीवरच्या इंग्रजीत ते बोलत. "ग्रँडपा, दॅट्स नॉट अ वर्ड!" असं ती ओरडली की म्हणत, "चाळीस देशांत चाललाय ह्यो वर्ड. तुझी टीचर किती देशांत गेली?"

दर शुक्रवारी आम्ही अल मवालेहच्या बाजारात जायचो. हिवाळ्यात तिथे बातिनाच्या शेतांतला माल येतो. पाल्यासकट मुळे, मातीचा वास असलेली कोथिंबीर, सहमकडचे टोमॅटो. अब्बा प्रत्येक गोष्ट हातात घेऊन तोलून बघत. एका शुक्रवारी असाच मुळा उचलून ते वळले आणि डावीकडून येणाऱ्या हातगाडीवर सरळ जाऊन आदळले. मुळे रस्त्यावर. गाडीवाला बिचारा "सॉरी चाचा, सॉरी" करत होता आणि अब्बा त्याला झापत होते, "हॉर्न नाय काय तुझ्या गाडीला?" मी मात्र बघितलं होतं. गाडी त्यांच्या अगदी बाजूला होती, रिकाम्या वाटेवर, भर उजेडात. त्यांना ती दिसलीच नव्हती.

डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. डावा डोळा जवळजवळ गेलेला. उजव्यात नजर होती, पण नळीतून बघावं तेवढीच. नळीच्या तोंडाशी जे येईल ते लख्ख, बाजूचं सगळं पुसलेलं. थेंब घालायचे, तपासण्या करत राहायच्या. गेलेलं परत यायचं नव्हतं, आणि राहिलेलं किती टिकेल ते डॉक्टरांनाही सांगता येत नव्हतं.

त्या रात्री गावाहून भाऊ फोनवर म्हणाला, "अब्बांना हिकडं पाठव. आता त्या परक्या मुलखात कशाला?"

मी म्हटलं, "इथे हॉस्पिटल दहा मिनिटांवर आहे. तिथे डोळ्यांच्या डॉक्टरसाठी रत्नागिरी गाठावी लागते. अब्बा इथेच राहतील."

"तू हापिसात जाणार. त्यांना कोण बघणार?"

आमचं बराच वेळ चाललं होतं. अब्बा समोरच बसून बोंबलाचं कालवण आणि भात जेवत होते. जेवण झालं, हात धुतला, आणि मी फोन ठेवल्यावर म्हणाले, "तुमचा भांडान झाला काय? मग आता माझा ऐक. मला बर्फावर चालायचाय. डोले हायत तवर."

मला ती गोष्ट ठाऊक होती. तरुणपणी त्यांचं जहाज लोखंडाची माती भरायला नॉर्वेच्या एका उत्तरेकडच्या बंदरात लागलं होतं. भर हिवाळा. डेकवरचा बर्फ अब्बांनी फावड्याने ओढला, पण जमिनीवर पाऊल ठेवायला मिळालं नाही. त्यांच्याकडे बूट नव्हते आणि उतरायची पाळी आली तेव्हा जहाज सुटायची वेळ झाली. डेकवरून त्यांनी पांढरे डोंगर बघितले, आणि एका सकाळी धक्क्याजवळच्या झाडीतून बाहेर आलेलं एक जनावर. उंटाएवढं, सांबरासारखं, बिनशिंगांचं. बोटीवरच्या भंडाऱ्याने, म्हणजे स्वयंपाक्याने, त्याचं नाव सांगितलं, एल्क. लहानपणी आम्ही झोपायला तयार नसलो की अब्बा ते जनावर परत परत झाडीतून बाहेर काढत.

इक्बालने एका वाक्यात निकाल लावला. "ने त्यांना. सना आणि मी बघून घेऊ घर."

*

उत्तरेकडच्या त्या लहानशा गावात आम्ही उतरलो तेव्हा सूर्य नुकताच परतला होता. हिवाळ्यात तिथे तो कित्येक आठवडे उगवतच नाही. हॉटेलातल्या पोरीने आम्हाला कौतुकाने सांगितलं, सूर्य आलाय, आता रोज थोडा थोडा जास्त थांबेल. अब्बा म्हणाले, "म्हणजे सुट्टीवर आल्यावानी. आमच्या मस्कतला वर्षभर ड्युटीवर असतो, तिकडे कोण विचारत नाय त्याला." मी ते इंग्रजीत सांगितलं. ती इतकी हसली की आतून दुसरीला बोलावून तिलाही ऐकवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी छोटी बस आम्हाला न्यायला आली. उत्तरेकडच्या जनावरांच्या उद्यानाची दिवसभराची सहल, वाटाड्यासकट. आमची वाटाडी मारित, तिशीची, गालांवर थंडीचे लाल डाग. सोबत एक जर्मन जोडपं आणि चार-पाच कॉलेजची मुलं. सहलवाल्यांनी अंगभर एकच असलेले जाड पोशाख आणि गुडघ्यापर्यंतचे बूट दिले होते. अब्बांनी ते बूट हातात घेऊन कितीतरी वेळ दाबून पाहिले. मग पांढऱ्या टोपीवर लोकरी टोपी, त्यावर पोशाखाची टोपी चढवली आणि बसच्या पहिल्या सीटवर, चालकाच्या शेजारी, कप्तान असल्यासारखे बसले.

वाट लांबची होती. एका बाजूला काळं, न गोठलेलं समुद्राचं पाणी, दुसऱ्या बाजूला पांढरे डोंगर. मी ते सगळं एका नजरेत घेत होते आणि मध्येच लक्षात येत होतं की अब्बांना हे असं दिसत नाहीये. ते तुकड्यातुकड्याने बघत होते. मान सावकाश डावीकडून उजवीकडे, मग परत.

"बाय, आता नीट ऐक," ते म्हणाले. "बोटीवर पहाऱ्याला असताना आम्ही काय करायचो? नाकासमोर बारा वाजले. उजव्या हाताला तीन, डाव्या हाताला नऊ. काय दिसला की तू फक्त वाजलेले सांग. 'अब्बा तिथे बघा, तिथे बघा' करू नको. 'तिथे' मला दिसत नाय."

उद्यान म्हणजे पिंजरे असतील असं मला वाटलं होतं. पिंजरा एकही नव्हता. अख्खे डोंगरउतार कुंपण घालून एकेका जनावराला दिलेले. बर्फावर पहिलं पाऊल टाकताना अब्बा थांबले. मला वाटलं घसरायची भीती वाटते आहे, म्हणून मी दंड धरला. त्यांनी हात सोडवून घेतला, "बिस्मिल्ला" म्हणाले, आणि चालायला लागले. पावलाखाली बर्फ करकरत होता, कोरड्या मिठागरात चालावं तसा. थोडं पुढे जाऊन ते मागे वळले, वाकले आणि नळीएवढ्या नजरेत आपल्या बुटांचे ठसे एकेक करून बघत राहिले. मारितला काय वाटलं कुणास ठाऊक, तिने घाई केली नाही.

एल्क लगेच दिसले. तीन माद्या, कमरेएवढ्या बर्फात उभ्या, झाडाची साल सोलत.

"अब्बा, एक वाजता. जरा लांब."

त्यांनी मान वळवली. मस्कतच्या उन्हात सगळं फिकट फिकट दिसतं म्हणून कुरकुरणारे माझे वडील. इथे पांढऱ्यावर ते काळं धूड शाईने काढल्यासारखं उभं होतं.

"ह्योच," ते हळूच म्हणाले. "ह्योच तो. अजून शिंगा नाय फुटली काय ह्याला?"

मारित म्हणाली की ही मादी आहे आणि तिला शिंगं येतच नाहीत. अब्बांनी मान डोलावली. "म्हणजे बाई व्हती ती. पन्नास वर्षं मी पोरांना बाप्या म्हणून सांगत आलो."

लिंक्सने मात्र आमची परीक्षा घेतली. ते मोठं रानमांजर एका खडकावर बसलं होतं, रंग खडकाचाच. सगळे हळू आवाजात "वॉव" करत होते. मी म्हटलं, अकरा वाजता. मग म्हटलं, अकराच्या जरा वर. अब्बांना सापडेना. ते शांतपणे म्हणाले, "नाय दिसत." शेवटी मी त्यांच्या मागे उभी राहिले, हातमोजे काढून दोन्ही हातांनी त्यांचं डोकं धरलं आणि इंचाइंचाने वळवत गेले. माझ्या तळव्यांखाली त्यांच्या जबड्याची हाडं होती. लहानपणी जत्रेत ते मला खांद्यावर घेत तेव्हा मी असंच त्यांचं डोकं धरत असे.

"थांब," ते म्हणाले. "थांब थांब. कानावर केस हायत त्याच्या. बघतोय आपल्याकडं." मग बराच वेळ दोघंही एकमेकांकडे बघत राहिले, मांजर आणि माझे वडील. माझी बोटं बधिर झाली तरी मी हात हलवले नाहीत.

आणि मग मारित आम्हाला एका उंचवट्यापाशी घेऊन गेली. बर्फाचा ढीग, शेजारी दोन खुरटी झाडं, बस्स.

"या खाली दोन अस्वलं झोपली आहेत," ती म्हणाली. "ऑक्टोबरपासून."

सगळे त्या ढिगाकडे बघत राहिले. कॉलेजच्या पोरांनी फोटो काढायचा प्रयत्न केला, पण फोटोत नुसता बर्फ. थंडीने एकाचा फोनच बंद पडला. अब्बांनी विचारलं, "मॅडम, उठवणार कोण?"

"कुणी नाही. वेळ झाली की आपणच उठतात."

"आणि अंधारात वाट?"

"त्यांना घर माहीत आहे," मारित म्हणाली. "आत सगळं त्यांचंच आहे."

मंडळी पुढे गेली. अब्बा तिथून हलेनात. इथे बघण्यासारखं काय आहे, असं मनात म्हणत मी त्यांना चला म्हटलं.

"थांब गो जरा. हितं बरा वाटतंय." त्यांनी बर्फाच्या ढिगाकडे हनुवटीने खूण केली. "काय दिसतंय तुला?"

"काही नाही."

"मला पण काय नाय. त्या जर्मनाला पण नाय. हितं आपण सगळे सारखे." ते हसले, आणि तोंडातून वाफेचा ढग बाहेर पडला. मग ते म्हणाले, "बाय, मी गावाला जातो."

मी वाद घालायला तोंड उघडलं. डॉक्टर, थेंब, तपासण्या. त्यांनी बोलू दिलं. सगळं ऐकून घेतलं आणि मग म्हणाले, "तुझ्या हमरियात मला गल्ली डोल्यांनी म्हायत हाय. डोले गेले की गल्ली गेली. गावची वाट माझ्या पायांना म्हायत हाय. न्हानपनापासून. हिरीची पायरी, मशिदीचा उंबरा, खाडीचा उतार. तिथे मी आंधला नाय व्हनार. फक्त दिसनार नाय."

मी रडले नाही, कारण रडलं तर पापण्या गोठतात असं मारितने बसमध्येच बजावलं होतं. मी म्हटलं, "आणि थेंब कोण घालणार?"

"तुझा भाऊ. रोज फोन करून त्याला शिव्या घाल. तेवढा तुला जमेल."

यात विनवणी नव्हती, चीडही नव्हती. नुसता निर्णय होता, जहाजाला लागतो तसा. मी आणि माझा भाऊ महिनाभर त्यांच्या डोक्यावरून भांडत होतो. त्यांना काय हवं ते आम्ही दोघांनीही विचारलं नव्हतं. आता विचारायला काही उरलंच नाही, आणि खरं सांगायचं तर मला हलकं वाटलं.

दुपारी तंबूत शेकोटीभोवती माशांचं सूप मिळालं. अब्बांनी मारितला शाबासकी दिली आणि मीठ कमी आहे हेही सांगितलं. मी मस्कतहून ओमानी हलवा नेला होता. तो दगडासारखा झाला होता, शेकोटीजवळ ठेवून मऊ केला, मग सगळ्यांनी बोटांनी खाल्ला. केशर आणि वेलचीचा तो वास त्या धुरात भलताच परका आणि भलताच आपला वाटला. मारितने मक्केसाठी आग्नेय दिशा कुठे ते दाखवलं. बसल्या बसल्या अब्बांनी नमाज पढली.

लांडग्यांकडे पोचलो तेव्हा उजेड निळा झाला होता. अब्बांसाठी तो उजेड संपल्यातच जमा. त्यांनी आता माझा दंड आपणहून धरला होता. लांडगे कुठे दिसत नव्हते. मारितने तोंडाभोवती हात धरून लांडग्यासारखी लांब हाक मारली. एकदा, दोनदा. झाडी गप्प. "आज मूड नाही त्यांचा," ती म्हणाली. जर्मन बाईने प्रयत्न केला, पोरांनी हसत हसत केला. काही नाही.

"मी मारू काय हाळी?" अब्बांनी विचारलं.

आमच्या खाडीवर पूल नव्हता तेव्हा पलीकडची होडी बोलवायला लोक काठावरून हाळी घालत. भरतीच्या वाऱ्यातून पलीकडच्या तरीवाल्यापर्यंत जाईल अशी. गावात ती सगळ्यांना येत असे, पण अब्बांची हाळी वेगळीच होती. ती पोटातून निघायची, मध्येच वर चढायची आणि टोकाला जाऊन थरथरायची.

त्यांनी माझा दंड सोडला, छाती भरून घेतली आणि त्या बर्फाळ डोंगरावर आमच्या खाडीची हाळी घातली. "हूऽऽऽओऽऽऽ!"

काही क्षण शांतता. मग खूप आतून, झाडीच्या पलीकडून, एक आवाज वर चढला. त्यात दुसरा मिसळला. मग तिसरा, चौथा. सगळा डोंगर भरून गेला. मारितचे दोन्ही हात तोंडावर. अब्बा ताठ उभे होते, चेहरा आवाजाकडे, डोळे मिटलेले.

आवाज विरल्यावर ते म्हणाले, "आला बघ तरीवाला."

*

उन्हाळा सुरू व्हायच्या आत, मार्चमध्ये, अब्बा गावी गेले. विमानतळावर चाकाची खुर्ची नको म्हणाले आणि मग म्हणाले, बरी हाय, बसून जातो, सगळी वाट देतात. मी रोज फोन करून भावाला थेंबांची आठवण करून द्यायचे. तो म्हणायचा, अब्बांच्या आधी तुझ्याच शिव्या पोचतात. थेंब नियमाने पडले तरी वर्षाच्या आत उजवा डोळाही गेला. अब्बांनीच फोनवर सांगितलं, पाऊस लागला म्हणावं त्या सुरात.

गेल्या जानेवारीत मी आणि सना गावी गेलो. एसटी उशिरा पोचली. फाट्यावर उतरलो तर दिवेलागण होऊन गेलेली आणि वीज नेमकी गेलेली. पुलाजवळच्या अंधारात एक माणूस उभा होता, पांढरी टोपी, हातात काठी. आमच्या बांगड्यांच्या आणि बॅगांच्या आवाजाने त्याने मान वळवली.

"आलीस गो? सना पण आली काय?"

"अब्बा, तुम्ही एकटे आलात? इतक्या अंधारात?"

"अंधार झालाय काय?" ते म्हणाले आणि स्वतःच खो खो हसले.

सनाने मोबाइलचा दिवा लावला, पण दिवसभर गेम खेळून तिची बॅटरी संपत आली होती. थोड्याच वेळात तोही विझला. माझा फोन बॅगेत कुठेतरी तळाशी. समोर आंब्याखालची पायवाट, त्यापुढे उतार, आणि काहीच दिसत नव्हतं. सना माझ्या ओढणीला धरून म्हणाली, "मम्मा, आय कान्ट सी एनिथिंग."

अब्बांनी तिची बॅग खांद्यावर घेतली.

"तू मराठीत बोल, म्हणजे रस्ता सापडंल," ते तिला म्हणाले. "चल, माझा सदरा धर. हितं दगड हाय, पाय उचल. आता चार पायऱ्या. आता वलायचा."

सनाने सदरा धरला. मी सनाला धरलं. खाडीकडून गार वारा येत होता आणि पुढे त्यांची काठी टकटक करत, न अडखळता, उतारावरून खाली चालली होती.